अढी

आंबा किती आण्याला काढायचा यावर आमच्या घरात जेवताना वाद व्हायचे. आणे बंद होऊन कितीतरी वर्षं झाली, पण रत्नागिरीकडच्या बागायतदारांच्या तोंडात ते अजून चालू आहेत, बारा आणे तयार, चौदा आणे तयार, असंच बोलतात. सोळा आणे म्हणजे झाडावरच पिकायला आलेला, तो घरातल्या पोरांनी खायचा. लांब पाठवायचा तर बारा आण्याला उतरवायचा, जवळपास विकायचा तर चौदा. आणि त्याच्याही आधी घाई करून काढला तर तो पिकतच नाही, अढीत म्हणजे पेंढ्यात घालून कितीही दिवस ठेवा, नुसता सुरकुततो आणि आंबटच राहतो. अण्णा फळाचे खांदे बघून सांगायचे, देठाच्या वर खांदे आलेत का, आणि तरी शंका असली तर बादलीत टाकायचे. तयार झालेला बुडतो.

मी पुण्यात एम्ब्रियोलॉजिस्ट आहे. म्हणजे आयव्हीएफच्या, टेस्ट ट्यूब बेबीच्या सेंटरमध्ये ऑपरेशन थिएटरला लागून जी एक बंद खोली असते, जिथे पेशंट कधीच येत नाही, तिथे मी गेली सोळा-सतरा वर्षं बीजं आणि गर्भ सांभाळत बसते. गावात हे कुणाला धड सांगता येत नाही. आई सांगते "ती लॅबमध्ये असते", लोकांना वाटतं रक्त-लघवी तपासते. अण्णांना मात्र एकदा नीट समजून घ्यायचं होतं, मे महिन्यात पडवीत बसून मी त्यांना सगळं सांगितलं, बाईचं बीज असं काढतात, असं जपतात वगैरे, बापाला हे सांगताना आधी जी लाज वाटते ती पाच मिनिटांत गेली कारण समोरचा माणूस बागायतदार होता. सगळं ऐकून घेऊन ते म्हणाले, "पण काढता किती आण्याला गो?"

इतका नेमका प्रश्न मला नोकरीच्या मुलाखतीतसुद्धा कुणी विचारला नव्हता.

कारण खरंच सगळी गोम तीच आहे. नेहमीच्या आयव्हीएफमध्ये आम्ही सोळा आण्याला काढतो. दहा-बारा दिवस रोज पोटात हार्मोनची इंजेक्शनं, दर दोन दिवसांनी सोनोग्राफी, फॉलिकल म्हणजे ज्या पाण्याच्या पिशवीत बीज असतं ती १८-२० मिलिमीटरची झाली की रात्री घड्याळ लावून ट्रिगरचं, म्हणजे बीज पिकवणारं इंजेक्शन आणि तिथून साधारण ३६ तासांनी पिकअप, म्हणजे सुईने बीजं काढून घेणं. तोवर बीज पिकलेलं असतं, त्याच दिवशी वापरा नाहीतर फ्रीझ करा. पण दुसरीही एक पद्धत आहे, कच्चीच काढायची. फॉलिकल जेमतेम २ ते १० मिलिमीटरचं असताना, हार्मोन न देता किंवा अगदी थोडे देऊन, आणि मग बीजं लॅबमध्ये इन्क्युबेटरच्या उबेत एक-दोन दिवस ठेवून पिकवायची. आमच्याकडे त्याला आयव्हीएम म्हणतात. अण्णा म्हणाले, "मग सरळ अढी म्हण की."

आणि पिकल्यावर ठेवता कुठे, तर द्रव नायट्रोजनमध्ये, उणे १९६ डिग्रीला, असं सांगितलं तर त्यांना त्याचंही नवल नाही. "बायफचा डॉक्टर मोटरसायकलला तो डबा बांधून यायचा, झाकण काढलं की धूर येतो, तोच ना?" तोच. उरुळी कांचनला १९६७ मध्ये सुरू झालेल्या बायफ संस्थेने महाराष्ट्राच्या खेडोपाडी त्या डब्यातल्या गोठवलेल्या वीर्याने गाईंच्या कृत्रिम रेतनाचं जे काम केलं त्यामुळे आपल्याकडच्या कितीतरी शेतकऱ्यांना आमच्या धंद्यातला निम्मा भाग आधीच माहीत असतो, फक्त तो माणसांनाही लागू आहे हे सांगायला कुणी गेलेलं नसतं.

हे सगळं हसण्यावारी होतं. एप्रिल २०२२ मध्ये धाकटीचा फोन आला तोपर्यंत.

धाकटी म्हणजे माझी बहीण, माझ्याहून नऊ वर्षांनी लहान, तेव्हा २९ ची, सांगलीला बँकेत. लग्न झालेलं नव्हतं, बघणं चालू होतं. अंघोळ करताना गाठ लागली, मग सोनोग्राफी, मग बायोप्सी, हे सगळं तिने एकटीनेच उरकलं होतं आणि रिपोर्ट हातात आल्यावर मला फोन केला. ताई, ब्रेस्ट कॅन्सर आहे, हार्मोन पॉझिटिव्ह म्हणतायत, आधी केमो मग ऑपरेशन म्हणतायत. आणि मी तिला काय विचारलं, तर "केमो कधी सुरू करणार? एएमएच केलाय का?"

फोनवर काही वेळ काहीच नाही. मग ती म्हणाली, "आईशी तूच बोल," आणि ठेवला.

मला त्या क्षणी कळलंसुद्धा नाही काय झालं ते. माझ्या डोक्यात आकडेमोड चालू झाली होती, एएमएच म्हणजे अंडाशयात किती बीजं उरलीत याचा अंदाज देणारी रक्ताची तपासणी, मला तोच आकडा हवा होता. केमोच्या औषधांत सायक्लोफॉस्फामाइड असणार, ते अंडाशयातल्या बीजांचा फडशा पाडतं, झोपलेल्या बीजांचासुद्धा. बाईला बीजं नव्याने तयार होत नाहीत, जी काय असतात ती आईच्या पोटातच घेऊन ती जन्माला येते. जन्मताना दहा-वीस लाख असतात, वयात येईपर्यंत तीन-चार लाख उरतात, आणि त्यातली जेमतेम चार-पाचशे आयुष्यभरात दर महिन्याला एक अशी बाहेर पडतात, बाकीची आपोआप विरून जातात. म्हणजे धाकटीकडे जो काही साठा होता तो २९ वर्षं वापरलेला साठा होता, त्यावर आता केमो येणार होती, आणि मधे किती दिवस मिळतायत एवढाच प्रश्न मला दिसत होता. एखाद्या गवंड्याला भिंतीचा तडाच दिसावा तसं. घरात कोण रडतंय ते नाही.

ऑन्कॉलॉजिस्ट चांगले होते पण घाईत होते, गाठ मोठी होती. आठ दिवस देतो म्हणाले. आता नेहमीच्या पद्धतीने बीजं काढायला दोन आठवडे धरायचे. हल्ली पाळीची वाट न बघता कुठल्याही दिवशी इंजेक्शनं सुरू करता येतात, आणि हार्मोन पॉझिटिव्ह, म्हणजे हार्मोनवर पोसणारी गाठ असेल तर सोबत लेट्रोझोल देऊन इस्ट्रोजेन खाली ठेवतात, ते सगळं खरं, पण आठ दिवसांत ते बसेना. अंडाशयाचा तुकडाच काढून गोठवून ठेवायचा हाही एक मार्ग आहे, २००४ मध्ये ब्रसेल्सला त्यातून पहिलं बाळ झालं, पण त्याला लॅप्रोस्कोपी लागते आणि धाकटी म्हणाली एक ऑपरेशन पुरे. उरलं आयव्हीएम. हार्मोन नकोत, वाट बघणं नको, दोन दिवसांत पिकअप होऊन जातो.

आमच्या सरांना विचारलं तर ते आधी तयार नव्हते. आयव्हीएमचा निकाल साध्या पद्धतीपेक्षा कमी येतो हे जगजाहीर आहे, त्यात फ्रीझिंग. पण २०२१ मध्ये अमेरिकेतल्या तज्ज्ञांच्या संस्थेने आयव्हीएमवरचा 'प्रायोगिक' हा शिक्का काढला होता आणि माझ्या टेबलासमोर भिंतीवर एक कागद चिकटवलेला होता, फेब्रुवारी २०२०, लॉकडाऊनच्या जरा आधीचा. पॅरिसजवळ क्लामारला अँतवान बेक्लेर हॉस्पिटल आहे, तिथल्या मिकाएल ग्रिनबर्ग नावाच्या डॉक्टरांची केस. २९ वर्षांची बाई, ब्रेस्ट कॅन्सर, केमोआधी वेळ नाही. सात कच्ची बीजं काढली, दोन दिवसांत सहा पिकली, सहा गोठवली. पाच वर्षांनी ती बरी झाली, नैसर्गिकरीत्या दिवस राहिनात, तेव्हा ती सहा बाहेर काढली, सहाच्या सहा वाचली, पाच फळली, एक गर्भ आत ठेवला आणि जुलै २०१९ मध्ये मुलगा झाला, त्याचं नाव ज्यूल. कॅन्सरच्या पेशंटला लॅबमध्ये पिकवून गोठवलेल्या बीजापासून झालेलं जगातलं पहिलं बाळ. मी तो कागद धंद्यातली बातमी म्हणून चिकटवला होता. वय २९ हे तेव्हा वाचलंसुद्धा नसेल.

धाकटी पुण्याला आली. आई-अण्णाही आले, अण्णा बागेत ऐन सीझन सोडून. ती माझ्याशी मोजकंच बोलत होती. आई म्हणाली, "तिच्या मनात काहीतरी अढी बसलीय तुझ्याबद्दल, तू काय बोललीस?" मी म्हटलं काही नाही बोलले. आणि तेच खरं होतं, जे बोलायला हवं होतं ते काही बोललेच नव्हते.

फॉर्म भरायला बसलो. आयव्हीएफसारख्या उपचारांसाठीचा नवा एआरटी कायदा नुकताच लागू झाला होता, जानेवारी २०२२ पासून, त्यामुळे कागदांची चळतच होती. कायद्याप्रमाणे २१ च्या वरच्या आणि पन्नाशीच्या आतल्या बाईला हे करता येतं, लग्न झालेलं असो नसो, पण आमच्या सेंटरचा फॉर्म जुनाच होता आणि त्यात पहिल्याच पानावर 'पतीचे नाव'. धाकटीने तिथे एक सरळ रेघ मारली, पट्टी घेऊन मारावी तशी. मी दुसऱ्या दिवशी भांडून तो रकाना काढायला लावला, पण तो बघायचा तो तिने बघितला. नर्सनेही दोनदा मिसेस म्हणून हाक मारली. आईला वेगळीच काळजी, लग्न न झालेल्या मुलीला 'तिकडून' सुई घालणार म्हणजे काय, ते पुढे कळलं तर. धाकटी म्हणाली, "आई, कॅन्सर झालेला कळणार आहे, ते पुरे आहे."

एक रकाना असा असतो की पेशंटचा मृत्यू झाल्यास बीजांचं काय करायचं. नष्ट करा किंवा संशोधनाला द्या. हा प्रश्न मी शेकडो बायकांना विचारलाय, आवाज न बदलता. धाकटीने संशोधनावर टिक केली आणि पहिल्यांदा माझ्याकडे बघून म्हणाली, "तुझ्यासारख्या कुणाला तरी शिकायला होतील." टोमणा होता की नव्हता हे मला आजतागायत ठरवता आलेलं नाही.

सर म्हणाले तू लॅबमध्ये थांबू नको. पण आयव्हीएमचं ट्रेनिंग फक्त माझं झालं होतं. साध्या पिकअपमध्ये पिकलेल्या बीजाभोवतीच्या पेशी पिंजलेल्या कापसासारख्या फुलून आलेल्या असतात, डिशमध्ये नुसत्या डोळ्यांनी तो पुंजका दिसतो, नवशिक्यालाही सापडतो. कच्च्या बीजाभोवती त्या घट्ट चिकटून बसलेल्या असतात आणि बीज म्हणजे मिलिमीटरचा दहावा भाग, रक्ताळलेल्या पाण्यात ते हुडकायचं म्हणजे तांदळातली कणी शोधण्यासारखं. सगळं पाणी बारीक जाळीतून गाळून घ्यावं लागतं. सवय नसेल तर निम्मी बीजं बेसिनमध्ये जातात. म्हणून मीच बसले, ज्युनियर मुलगी साक्षीदार, प्रत्येक डिशवरचं नाव दोघींनी मोठ्याने वाचायचं. आडनाव माझं माहेरचं.

ते मी दर वेळी वाचत होते आणि तरी, आता हे पहिल्यांदाच लिहितेय आणि ती वाचणार आहे हे माहीत असून लिहितेय, त्या तासाभरात ती माझी बहीण नव्हती. सर भिंतीपलीकडून ट्यूब देत होते आणि मी मोजत होते. नऊ मिळाली. नऊ म्हटल्यावर मला आनंद झाला, निव्वळ धंद्यातला आनंद.

आता अढीचं. लोकांना वाटतं आपण लॅबमध्ये बीज पिकवतो म्हणजे काहीतरी औषध घालून त्याला जागं करतो. तसं नाहीये. १९३५ मध्ये ग्रेगरी पिंकस, हाच पुढे गर्भनिरोधक गोळीवाला, त्याच्या लक्षात आलं की सशाचं बीज फॉलिकलमधून नुसतं बाहेर काढलं तरी ते आपसूक पिकायला लागतं. म्हणजे झोपवून ठेवत होतं ते घर. भोवतालच्या पेशी बीजाला सतत एक निरोप पाठवत असतात, झोप, अजून झोप, आणि बीज आईच्या पोटात असल्यापासून वर्षानुवर्षं झोपून राहतं. घरातून बाहेर काढलं की तो निरोप तुटतो आणि ते जागं होतं. पिंकसने हेही लिहून ठेवलं की माणसाचं बीज १२ तासांत पिकतं, आणि ते साफ चूक होतं. रॉबर्ट एडवर्ड्स, ज्याला पुढे २०१० मध्ये नोबेल मिळालं, तो त्या आकड्यावर विश्वास ठेवून बराच काळ लवकर डोकावत राहिला आणि दर वेळी बीज जसंच्या तसं. मग त्याने डिश तशीच जास्त वेळ राहू दिली आणि दिसलं की २४ तास उलटून गेल्यावर कुठे हालचाल सुरू होते, आणि पूर्ण व्हायला ३६ च्या पुढे. १९६५ मध्ये त्याने ते छापलं. लुईज ब्राउन, जगातलं पहिलं टेस्ट ट्यूब बाळ, जन्मायच्या १३ वर्षं आधी. थोडक्यात काय, तर अढी लवकर उघडत होता.

अण्णांना हे त्या रात्री सांगितलं तर त्यांना फार पटलं. अढीला हात लावायचा नाही, हा त्यांचा नियमच आहे. भाताचा पेंढा, त्यावर आंबे एकाला एक न टेकता, वर परत पेंढा, आणि मग खोलीचं दार बंद. लहानपणी आम्ही दोघी चोरून हात घालून बघायचो, गरम लागायचं आत. धाकटी तर नाक घालायची.

ती त्या दिवशी हॉलमध्ये सोफ्यावर पडून हे ऐकत होती, पोटाला हॉट वॉटर बॅग लावून. म्हणाली, "आणि मधे लाइट गेले तर?" जनरेटर आहे म्हटलं. "मग ठीक आहे." पिकअपनंतर ती माझ्याशी आपणहून बोललेलं ते पहिलं वाक्य.

तीस तासांनी बघितलं. आधी भोवतीच्या पेशी सोडवून बीज उघडं करायचं आणि मायक्रोस्कोपखाली बघायचं. कच्च्या बीजात मधोमध एक गोल दिसतो, कोय म्हणा. पिकायला लागलं की तो विरतो आणि मग कडेला एक बारीकसा गोळा बाहेर पडतो, त्याला पोलर बॉडी म्हणतात, तो दिसला की बीज तयार. चार तयार होती. दोन अर्धवट. बाकी तिघांत कोय तशीच. पुन्हा इन्क्युबेटरमध्ये. ४८ तासांनी आणखी एक तयार झालं. पाच.

आता खरी अडचण इथे आहे आणि ती कुठलंही सेंटर जाहिरातीत लिहीत नाही. पोलर बॉडी दिसली म्हणजे बीज बाहेरून पिवळं झालं एवढंच. आतला गर गोड झालाय का ते डोळ्यांना दिसत नाही. कार्बाइड मारलेला आंबा बघा, रंग असा की नजर लागावी आणि कापला की आंबट. बीजाचंही तसं होतं, गुणसूत्रांचं काम आधी उरकतं आणि गराचं, म्हणजे ज्या सामानावर पुढचे दोन-तीन दिवस गर्भाला काढायचे असतात त्याचं, मागे राहतं. कारण घरातून बाहेर काढल्या काढल्या ते दचकून जागं होतं, वेळेआधी. म्हणून ब्रसेल्स आणि व्हिएतनामच्या लोकांनी उलटा विचार केला, बाहेर काढल्यावर आधी एक दिवस त्याला मुद्दाम झोपवूनच ठेवायचं, गराला वेळ द्यायचा, आणि मग उठवायचं. २०२४ मध्ये पेरूची राजधानी लिमा इथे तर एक बाळ असं झालं की त्याचं बीज पिकवताना सोबतीला स्टेम सेलपासून बनवलेल्या अंडाशयाच्या पेशी ठेवल्या होत्या, म्हणजे घराची नक्कलच. हे वाचलं तेव्हा मला पेंढाच आठवला. आमच्याकडे २०२२ मध्ये यातलं काही नव्हतं, साधी अढी होती.

आणि साका? हापूसचं ते दुखणं ज्याला माहीत आहे त्याला सांगायला नको. वरून, वासाला, हाताला उत्तम, आणि आत पांढरा स्पंजासारखा डाग. कापल्याशिवाय कळत नाही आणि कापला की तो आंबा गेला. पाच बीजं म्हणजे हे पाच आंबे. पाच मुलं नव्हेत, एकसुद्धा नक्की नाही. हे मी धाकटीला स्पष्ट सांगितलं, कारण पेशंटला सांगतेच. ती म्हणाली, "त्या फ्रान्सच्या बाईची किती होती?" सहा. "माझी पाच. बरं."

गोठवताना मला भीती वाटते ती कायमचीच. मे महिन्यात फोडी करून फ्रीझरला टाकल्या आणि दिवाळीत काढल्या तर त्यांचा लगदा होतो, कारण आतल्या पाण्याचा बर्फ होतो आणि त्याची टोकं पेशी फाडतात. बीज तर शरीरातली सगळ्यात मोठी पेशी, पाण्याने भरलेली. सुरुवातीला हळूहळू थंड करून बघायचे, १९८६ मध्ये ऑस्ट्रेलियात ॲडलेडला क्रिस्टोफर चेन यांनी त्यातून जुळी मुलं करून दाखवली, पण पुढे कित्येक वर्षं ते इतर फार कुणाला धड जमेना. आता जे करतो त्यात बर्फ होऊच देत नाही. पाणी शोषून घेणाऱ्या द्रवात बीज ठेवायचं, ते आधी वाळक्या बोरासारखं आकसतं आणि मग हळूहळू परत भरतं, त्यात मग इथिलीन ग्लायकॉल असतं, गाडीच्या रेडिएटरमधल्या कूलंटमध्ये असतं तेच. मग घट्ट द्रवात मिनिटभर, मग एका बारीक पट्टीच्या टोकावर जवळजवळ कोरडं ठेवून सरळ नायट्रोजनमध्ये बुडवायचं. ते इतक्या झपाट्याने थंड होतं की पाण्याला बर्फ व्हायला सवडच मिळत नाही, काच होते. ही पट्टी जपानच्या कुवायामांनी आणली आणि त्यानंतर सगळं चित्रच बदललं.

पाचवी पट्टी बुडवताना माझा हात थरथरला. तोपर्यंत नाही. ज्युनियर म्हणाली मॅडम मी करू का, मी नको म्हटलं, आणि झालं ते.

तिसऱ्या दिवशी केमो सुरू झाली.

पुढचं वर्षभर त्या पाच पट्ट्यांबद्दल घरात कुणी अवाक्षर काढलं नाही. केस गेले, ऑपरेशन झालं, रेडिएशन झालं, टॅमॉक्सिफेन, म्हणजे हार्मोनला अडवणाऱ्या गोळ्या, सुरू झालं. ते निदान पाच वर्षं घ्यायचं असतं आणि ते चालू असताना दिवस राहू द्यायचे नसतात. बघायला येणारे आपोआप यायचे थांबले. एकदा गणपतीत गावी असताना आम्ही दोघी रात्री ओटीवर झोपलो होतो आणि तिने अंधारात सांगितलं. "तू पहिल्या फोनला विचारलंस ना एएमएच, मला वाटलं ताईला माहितीय मी मरणारे, आता निदान बी तरी वाचवा असं चाललंय." मी म्हटलं उलट होतं ग, तू जगणारच हे मी धरून चालले होते, म्हणून तर पुढचं बघत होते. ती म्हणाली, "ते बोलायचंस ना मग." आणि थोड्या वेळाने, "तुला ईशान आहे. तुझं झालंय. म्हणून तुला वाटतं प्रत्येकीला हवंच असतं." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि आजही नाही. मी तिला विचारलंच नव्हतं, तुला मूल हवंय का. नऊ बीजं मोजली पण हे विचारलं नाही. आमच्या अख्ख्या फॉर्ममध्ये तो प्रश्न नाहीये, पतीचं नाव आहे.

आता माझ्याकडे आयटीतल्या मुली येतात, कॅन्सर वगैरे काही नाही, फक्त वेळ हवाय. २०१४ मध्ये फेसबुक आणि ॲपलने नोकरीच्या सवलतींत हे घातलं तेव्हापासून ओघ वाढला, आपल्याकडे माजी मिस वर्ल्ड डायना हेडनला २०१६ मध्ये आठ वर्षं गोठवलेल्या बीजापासून मुलगी झाली तेव्हा पेपरात खूप आलं होतं. पण येतात त्या बऱ्याच जणी ३८-३९ ला, म्हणजे उशिरा, आणि ३० ला यायला हवी असते तिच्याकडे पैसे नसतात. सेंटरवाले विमा म्हणतात. विमा नाही हो, लॉटरीचं तिकीट आहे, बऱ्यापैकी चांगलं. हल्ली मी प्रत्येकीला कागद पुढे करायच्या आधी पाच मिनिटं नुसतं विचारते, काय ठरवलंयस, की काहीच नाही ठरवलं? बहुतेक जणी दुसरं सांगतात. काहीच न ठरवण्याची सोय म्हणून येतात. मला ते फार प्रामाणिक वाटतं, आणि तसं असेल तर एवढे पैसे घालवणं मला आता उधळपट्टीही वाटत नाही, पूर्वी वाटायची.

२०२३ मध्ये एक मोठा अभ्यास आला, पॉझिटिव्ह नावाचा. हार्मोन अडवणाऱ्या गोळ्या दीड-अडीच वर्षं घेऊन झाल्यावर मुलासाठी दोन वर्षांपर्यंत थांबवल्या तर निदान पहिल्या काही वर्षांत तरी कॅन्सर परत येण्याचं प्रमाण वाढलेलं दिसलं नाही. मी तो पेपर वाचला, पीडीएफ मोबाइलमध्ये घेतली आणि धाकटीला पाठवली नाही. चार महिने नाही पाठवली. मग तिनेच एकदा विचारलं, डॉक्टर म्हणाले असं काहीतरी आलंय, तुला माहितीय का? मी म्हटलं माहितीय. "मग पाठवलं का नाहीस?" म्हटलं, तू विचारलं नव्हतंस. ती एवढी हसली की फोन बाजूला ठेवायला लागला तिला.

दर एप्रिलला स्टोरेजचा मेसेज जातो, नूतनीकरण करा म्हणून. पेशंटला जातो आणि मला आत सिस्टीमवर दिसतो. पहिल्या वर्षी मी परस्पर पैसे भरले, तिने तासाभरात मला जीपे केले. दुसऱ्या वर्षी तेच. यंदा मी थांबले, भरले नाहीत, पंधरा दिवस रोज सिस्टीम उघडून बघत होते. सोळाव्या दिवशी पैसे भरलेले दिसले. तिला मी काही विचारलं नाही. गोळ्या चालू आहेत की थांबवल्यात तेही नाही.

अण्णांनी यंदा दोघींना एकेक पेटी पाठवली, माझी ट्रॅव्हल्सने आणि तिची एसटीने सांगलीला. परवा तिचा मेसेज आला. "आंबे पोचले. अजून घट्ट आहेत. दोन डागी निघाले, ते कामवाल्या मावशींना लोणच्याला दिले. बाकीचे पेंढ्यात ठेवलेत, तू येशील तेव्हा बघू."